प्लस माहेरचा, मायनस सासरचा

भरवसा कोणावर ठेवावा, सांगा बरं, कानावर की डोळ्यावर? सिविक सेंटरजवळच्या माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात किस्से साचत जातात, हा सवाल त्यातल्या शेवटच्याचा. सगळ्यांचं कारण, डीसी रिले! काडेपेटीपेक्षा लहान वस्तू. कॉइलला करंट मिळाला की 'टक्' करून स्विच ओढते. कॉइलची टोकं दोन. ए-वनला प्लस, ए-टूला मायनस. तरी लोक विसरतात. म्हणून मी सांगतो, "ए-वन माहेर, ए-टू सासर. करंट माहेराहून निघतो, सासरी जातो!"

*

कुम्हारीच्या चांदेकरनं डायोडवाली रिले उलटी जोडली. डायोड म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा पुर्जा. उलटं जोडलं की करंट कॉइल सोडून डायोडमधूनच पळतो. फ्यूज उडाला. दुसरा लावला, तोही उडाला!

"कावून रे, माहेर-सासर विसरला का?"

"नाही ना भाऊ! मी घरजावई आहो. माह्या इथं उलटंच हाय!"

*

एका ठेकेदाराकडं सुपरवायझर असलेली पोरगी म्हणाली, "अंकल, ससुराल में माइनस क्यों?"

माझ्या आधी माझी बायकोच दुकानामागच्या घरातून बोलली, "शादी कर बेटी, समझ जाएगी!"

त्या दिवशी मी जेवताना मीठसुद्धा मागितलं नाही.

*

रुआबांध्याच्या मेश्रामकाकांचे कान स्टील प्लांटच्या मिलच्या धडधडाटातच राहिले. ओठ पाहून समजून घेतात. काकू पडल्यापासून खाटेवर. तिनं बटन दाबलं की स्वयंपाकघरात रिलेवरचा बारीक लाल दिवा लागावा, म्हणून काकांनी रिले नेली. दुसऱ्या दिवशी काका परत दुकानात!

"डेड हाय. बुढी पाण्यासाठी बोलावून बोलावून थकली, मले दिवा दिसलाच नाही."

मी त्यांच्या घरीच गेलो. काकूनं बटन दाबलं. टक्! दिवा नाही. रिले ठणठणीत, वायरी उलट्या. ही बिनडायोडची, कशीही जोडा, वाजते. दिवा मात्र एकाच बाजूनं लागतो.

वायरी बदलल्या. टक्, अन् लाल!

काका धावत खाटेशी. "काय पाह्यजे?"

"काही नाही."

ते परतले. पुन्हा लाल. पुन्हा खाटेशी. "आता?"

"काही नाही. या फक्त."

"पाहा दुकानदार, दिवसभर हेच करंल ही!"

काकू मला म्हणाली, "भाऊ, कालपासून ते टक्-टक् मी एकटीच ऐकून राहिली होती." मग ओठ नीट दिसतील अशी मान वळवून, सावकाश, काकांना म्हणाली, "काल म्या किती खेपा बोलावलं, आज तुम्ही किती खेपा आले, हिशोब खरा ठेवजा, बरं!"