समधीजींची लाल गाडी

माझ्या व्याह्याने मला फसवले, आणि तेही माझ्याच मांडवात. आजही जळक्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास आला की माझे डोके तापते. मुलीच्या लग्नाच्या सकाळी व्याही गोंदियाहून नवी लाल गाडी घेऊन आले, जमिनीला टेकेल इतकी बुटकी आणि उभ्या जागी गुरगुरणारी. माझी जुनी अँबेसडर फुलांनी सजली होती; तिच्यातून तांदळाची पोती वाहून मी धंदा उभा केला होता आणि मुलीची पाठवणीही तिच्यातूनच करायची होती. "समधीजी, इस डब्बे में बहू जाएगी?" ते हसले. मी म्हणालो, "लावा शर्यत. जिंकेल त्याच्या गाडीत नवरी. वेळ तुमची, रस्ता माझा." सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी माझ्या हातावर हात मारला. मी आमगावकडचा गावरस्ता निवडला. धानाचे दिवस होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी मळणी व्हावी म्हणून लोकांनी पेंढ्या डांबरावरच पसरल्या होत्या. लाल गाडी सुसाट सुटली आणि पेंढ्यांच्या पहिल्याच थरात पोट अडकून थांबली. खालून धूर निघू लागला. माझी गाडी डुलत डुलत वरून निघून गेली. पेंढ्या उलटवणारी म्हातारी त्यांच्यावर ओरडली, "काऊन गा, गाडी आणली का बेडूक?" तरी संध्याकाळी मी वऱ्हाडाला पान देत असताना त्यांनी नवरीला दुरुस्त करून आणलेल्या लाल गाडीत बसवले. "रास्ते पे घास थी, वो रेस नहीं गिनते." मुलीचा बाप म्हणून मी दात आवळून हात जोडले. समधीजी, आता आपला नातू गाडी शिकतो आहे. त्याच्यासमोर सांगा, दिलेला शब्द कोणी मोडला?