आखूड नळी

रायफल घ्यायची ठरवली तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं आणि उंची चार फूट अकरा इंच. वय लोकांना खटकलं, उंची रायफलीला.

ओतूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. राहते बोरी बुद्रुकला, रोज एसटीनं जाऊन-येऊन. वाचनालयामागच्या लांबोडक्या खोलीत पूर्वी मोडके बेंच पडलेले असायचे. ते हलवून कॉलेजनं तिथं एअर रायफलची रेंज केली आणि शिकवायला एक निवृत्त सुभेदार ठेवले. खोलीची किल्ली माझ्याकडे आली, कारण आमच्याकडे जी किल्ली कोणालाच नको असते ती ग्रंथपालाकडे जाते.

एका दुपारी मुलं परीक्षेला गेली होती. सुभेदार एकटेच कंटाळून बसले होते. म्हणाले, "मॅडम, रोज नुसतं कुलूप लावता. एकदा मारून तर बघा."

मी एक छर्रा मारला. मग आणखी नऊ. सुभेदारांनी कागद जवळ आणला, चष्मा वर केला, परत खाली केला.

"श्वास कुठं सोडला?"

"लक्षात नाही."

"हेच शिकवायला मला दोन वर्षं लागतात," ते म्हणाले. जरा रागच आला होता त्यांना.

तेव्हापासून डबा खाल्ला की अर्धा तास मी रेंजवर. बावीस वर्षं मी लोकांना "हळू बोला" म्हणत आले होते. माणसं न सांगता गप्प राहतात अशी जागा मला पहिल्यांदाच सापडली होती.

अडचण होती ती कॉलेजच्या रायफलीची. ती सहा फुटी मुलांसाठी केलेली. पाच किलोच्या वर वजन, आणि त्यातलं बरंचसं पुढे, लांब नळीत. उभं राहून नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं असतं. माझं टेकायचं, पण नळीचं टोक भरलेल्या कणसासारखं खाली झुकायचं. तिसाव्या छर्र्यापर्यंत मी टारगेटऐवजी फरशीवर नेम धरत असे. आणि सुभेदारांनी तर माझं नाव जिल्ह्याच्या स्पर्धेत, प्रौढ महिलांच्या गटात घातलं होतं. तिथं साठ मारायचे असतात. रात्री पाठीला बाम चोळताना नवरा म्हणायचा, "यापेक्षा ऊसतोडीला गेली असतीस तर पाठ तरी सवयीनं दुखली असती."

मी सुभेदारांना हलकी, आखूड नळी हवी म्हटलं.

"जड नळी म्हणजे स्थिर नळी," ते म्हणाले. "हलकीत तुमची नाडीसुद्धा टारगेटवर दिसेल."

"दिसू दे. मी जिवंत आहे हे तरी कळेल. या नळीखाली तेही कळत नाही."

पुण्याच्या पेठेत एक म्हातारे कारागीर जुन्या एअर रायफली दुरुस्त करून, सुटे भाग जुळवून नवीन बांधून देतात असं समजलं. त्यांच्याकडे माझ्या मापाचा, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता होता. नळ्या दोन होत्या, एक लांब आणि वजनदार, एक आखूड आणि सडपातळ. कुठली बसवायची ते मी सांगायचं होतं. ही गोष्ट मी फक्त नवऱ्याला सांगितली, म्हणजे दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलेल्या प्रत्येकाला ती माहीत झाली.

आमच्याकडे नळीवर बोलायचा अधिकार सर्वांना आहे. ठिबकची नळी, बोअरची नळी, फवारणीपंपाची नळी, यांत प्रत्येकाची हयात गेलेली. नवऱ्याचं मत पडलं की लांब बरी, वाकावं लागत नाही. महाळुंगे पडवळहून भावाचा फोन आला, "ताई, घ्यायचीच तर भारदस्त घे. पावणं आले तर दाखवता यील." शेजारी, ज्यांचा बिबट्याचा वावर असलेला ऊस आमच्या बांधाला लागून आहे, ते तर चपला काढून ओट्यावर बसलेच.

"वहिनी, एका दमात किती गोळ्या सुटत्यात?"

"एक. मग परत हातानं छर्रा भरायचा."

"म्हंजी पिच्चरमधल्यावानी धडाधड न्हाई?"

"नाही."

"मग बिबट्या काय दुसऱ्या छर्र्याची वाट बघत थांबंल व्हय?"

मी सांगितलं की ही बिबट्यासाठी नाही. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडण्यासाठी आहे. शेजाऱ्यांनी माझ्या नवऱ्याकडे फार कणवेनं पाहिलं.

इतक्या सल्ल्यांत, ती उचलणार कोण, हे कोणी विचारलं नाही. ते कारागिरानं विचारलं. सुभेदारांना घेऊन मी दुकानात गेले. म्हाताऱ्यानं लांब नळी बसवलेली रायफल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "उभ्या राहा, नेम धरा, आता डोळे मिटा. मनात वीस मोजा. उघडा."

डोळे मिटताना भिंतीवरच्या खुंटीवर धरलेला नेम, उघडले तेव्हा खाली पायपुसण्यावर होता. मग आखूड नळी. वीस मोजून डोळे उघडले. नेम खुंटीवर नव्हता, पण खुंटीला टांगलेल्या छत्रीवर तरी होता.

"छर्रा आपला वेग नळीच्या सुरुवातीलाच घेतो," म्हातारा म्हणाला. "पुढची लांबी नेमाच्या सोयीसाठी. आखूड घेतलीत तर नळीच्या टोकावरची नेमाची खूण, म्हणजे माशी, डोळ्याजवळ येईल, आणि तुमची बारीक चूकसुद्धा कागदावर मोठी दिसेल. ते तुम्ही सांभाळायचं. पण उचलतच नाही ती रायफल अचूक असून काय करायची?"

मी आखूड घेतली. परतीच्या एसटीनं चाकण गाठलं. सुभेदार खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता चुका लपणार नाहीत."

रायफल घरी आली तशी माणसं बघायला आली. पेटी उघडली आणि ओट्यावर सुतक पडल्यासारखं झालं. "येवढीशीच?" शेजारी म्हणाले. "आमच्या फवाऱ्याची नळी हिच्यापरीस लांब हाय." त्यांनी चहासुद्धा अर्धाच घेतला.

हिवाळ्यात त्यांच्या उसाला तोड लागली. रविवारी सकाळी ते धापा टाकत दारात आले.

"वहिनी, रायफल घ्या! उसात बिबट्याची पिल्लं घावली!"

"अहो, हिनं बिबट्याला गुदगुल्या होतील."

"असूं द्या. त्येला कुठं म्हाईत हाय?"

नवऱ्यानं वनखात्याला फोन लावला, मी पेटीतून रायफल काढली आणि निघाले.

तोडलेल्या उसाच्या पाचटात तीन पिल्लं होती, मांजराएवढी, निळसर डोळ्यांची. भोवती चाळीसेक माणसं आणि तेवढेच मोबाईल. एका गड्यानं पिल्लू मानेला धरून उचललं होतं आणि दुसरा त्याला "हसून बघ" म्हणत होता. दहा-बारा सऱ्या ऊस अजून उभा होता. आई असली तर तिथंच असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणालाच आठवत नव्हतं. मला आठवलं. पण पिल्लू ओरडत होतं.

मी पिल्लांच्या आणि माणसांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. नळी जमिनीकडे.

"पिल्लू खाली ठेव. सगळे मागं सरा. बांधापर्यंत."

आवाज मी वाचनालयातलाच वापरला. पण या वेळी माणसांनी आधी रायफलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सरली. गड्यानं पिल्लू खाली ठेवलं. बावीस वर्षांत माझ्या एका वाक्यानं इतकी माणसं गप्प झाली नव्हती.

मग माझं लक्ष रायफलीकडे गेलं. छर्रा ढकलणाऱ्या हवेची टाकी नळीखाली बसते, ती जागेवर नव्हती. घरी ठेवताना टाकी वेगळी काढून कुलपात ठेवायची, ही सुभेदारांची शिस्त मी पाळली होती. घाईत ती कपाटातच राहिली. माझ्या हातात एक नळी होती आणि एक लाकूड. बिबट्याला तर नाहीच, कागदालाही भोक पडलं नसतं.

हे कोणाला सांगण्याची ती वेळ नव्हती. मी उभी राहिले. दीड तास.

मध्ये एकदा उभ्या उसात सळसळ झाली. बांधावरची सगळी गर्दी, माझ्याहून वीतभर उंच पुरुषांसकट, पळत माझ्या पाठीमागं आली. शेजाऱ्यांनी माझ्या ओढणीचं टोक धरलं. "वहिनी, पुढं व्हा, पुढं व्हा." मी पुढं झाले नाही, मागंही नाही. सळसळ थांबली. जे काही होतं ते बाहेर आलं नाही.

वनरक्षक आली ती पंचविशीतली मुलगी. तिनं गर्दी पाहिली, पिल्लं पाहिली, माझ्या हातात पाहिलं आणि अगदी जवळ येऊन हळूच विचारलं, "ताई, हिची टाकी कुठंय?"

"कपाटात."

तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मग आणखी दहा मिनिटं अशाच उभ्या राहा. तोवर मी पिल्लांची सोय करते."

तिनं पिल्लं क्रेटमध्ये ठेवली, क्रेट होता त्याच जागी ठेवला, शेजारी कॅमेरा लावला, तोड बंद करायला लावली आणि सगळ्यांना घरी हाकललं. दुसऱ्या सकाळी तिचा फोन आला. आई आली होती, एकेक करून तिन्ही पिल्लं घेऊन गेली. मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि थोडी रडले. कशासाठी ते सांगता येत नाही.

शेजारी ही हकिगत आजही सांगतात. त्यांच्या सांगण्यात मी मादीच्या डोळ्याला डोळा लावून उभी होते. दर खेपेला माझी नळी हातभर लांब होते. आता ती कॉलेजच्या रायफलीच्या पुढे गेली आहे.

फेब्रुवारीत स्पर्धा झाली. आमच्या गटात चौघी होत्या. मी तिसरी आले. दोन छर्रे कागदावरच्या काळ्या वर्तुळाबाहेर गेले आणि म्हाताऱ्यानं सांगितल्याप्रमाणे चूक ठळक दिसली. पण साठच्या साठ मी उभ्यानं मारले आणि पाठीनं चकार शब्द काढला नाही. सुभेदारांनी कागद बोटानं तपासले. "शेवटचे दहा पहिल्या दहांपेक्षा बरे आहेत," म्हणाले आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

परतताना नारायणगावला मिसळ खायला थांबलो. टेबलाला चार खुर्च्या, आम्ही तिघं, सुभेदार, नवरा आणि मी. नवऱ्यानं रायफलीची पेटी जमिनीवर ठेवू दिली नाही, चौथ्या खुर्चीवर नीट बसवली. पोऱ्या ऑर्डर घ्यायला आला तेव्हा भरलेल्या खुर्च्या मोजून नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "पाणी चार आण."

पोऱ्यानं चार ग्लास आणले. चौथा नवऱ्यानं पेटीसमोर सरकवला.