आमच्या खोलीतलं कपाट

लग्नानंतर सासूबाईंनी घरातली सगळ्यांत मोठी खोली आम्हाला दिली. घरातलं एकुलतं एक लोखंडी कपाट त्याच खोलीत होतं. सगळ्यांच्या ठेवणीतल्या साड्या, हातकणंगल्याच्या शेताचे कागद, आहेरात आलेली भांडी, सगळं त्यात. कपाट कुणालाही, केव्हाही लागायचं. त्यामुळे आमच्या दाराला आतून कडी लावायची नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी ते बघून शिकले.

दीड वर्षात माझी इच्छाच संपली. नवरा जवळ आला की माझे कान दाराकडे असायचे. शिवाय दुखायचं, अगदी पहिल्यापासून. सगळ्यांनाच दुखत असेल, असं मी धरून चालले. आमच्या इंग्रजी शाळेत हा विषय मुलग्यांना बाहेर पाठवून एका तासात उरकला होता, फळ्यावरच्या आकृत्यांवरून. आकृतीत कुणाला दुखत नव्हतं.

मी आधी दमल्याचं सांगायचे, मग डोकं दुखतं म्हणायचे. तो कूस बदलायचा. एकदा अंगणात गाडी पुसताना, माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "तुला घरच्यांनी बळंच दिली काय गं मला?"

"नाही," एवढंच मी म्हणाले. त्यानंतर 'उकडतंय' म्हणून तो बाहेरच्या खोलीत सासऱ्यांशेजारी गादी टाकू लागला. थंडी सुरू झाली तरी परत आला नाही, तेव्हा मला भीती वाटली.

माझा उतरलेला चेहरा सासूबाईंना दिसत होता. त्यांच्या मते तो अशक्तपणा होता. आमच्याकडे सर्दीपासून नापास होण्यापर्यंत सगळ्यावर पांढरा रस्सा चालतो. त्या वाटी पुढं सरकवायच्या. "पी गरम हाय तवर. अंगात जीव न्हाय तुझ्या."

जाऊबाई हसायच्या. "पी की गं. औंदा पाळणा हलाय पायजे."

मी प्यायचे. त्यात त्यांची माया होती, म्हणूनच नाही म्हणता यायचं नाही.

शेवटी मी एकटीच एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी झोप विचारली, चालू गोळ्या विचारल्या, थायरॉईडची तपासणी लिहून दिली. मग म्हणाल्या, "दुखतं का?" मी मान हलवली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग शरीर नको म्हणणारच, बाळ. इच्छा नाही म्हणजे प्रेम नाही, असं नसतं." मग त्यांनी विचारलं, "खोलीला कडी आहे ना?"

या प्रश्नावर मला रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्याला घेऊन ये."

तो आला. थायरॉईडमध्ये काही निघालं नव्हतं. दुखण्यावर उपचार आहेत, स्नायू सैल व्हायचे व्यायाम आहेत, वेळ लागेल, आणि तोवर तिला नको असेल ते करायचं नाही, हे त्यांनी त्याला सरळ सांगितलं. तो सगळा वेळ फरशीकडे बघत होता.

बाहेर गाडीची किल्ली हातात घेऊन तो उभा राहिला. "दुखत होतं तर सांगायचं की."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता काय बरं वाटलं होय?" तो म्हणाला. मग हळूच, "मला वाटलं, मीच नको झालोय."

"तसं कधीच नव्हतं," मी म्हणाले. आमच्या लग्नातलं ते माझं पहिलं पूर्ण वाक्य असावं.

रविवारी त्यानं आणि भावजींनी कपाट ढकलत मधल्या खोलीत नेलं. सासूबाई मागून ओरडत होत्या, "आरं, बरं हाय की तितं! एवढं जड धूड कशाला हलवताय?"

"मधल्या खोलीत सगळ्यांना जवळ पडतंय, आई," तो म्हणाला. दुसरं काही सांगितलं नाही. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साड्या आवरायला लागल्या.

कपाट होतं तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ निघाली. दुपारचं जेवण झाल्यावर तो गादी घेऊन आत आला. मी उठून कडी लावली. तिचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा झाला. बाहेर भांड्यांचा आवाज तसाच चालू राहिला.

बाकी काहीच झालं नाही. आम्ही दोघं दुपारभर झोपलो. जाग आली तेव्हा त्याचा हात माझ्या हातावर होता, आणि किती तरी दिवसांनी माझे कान दाराकडे नव्हते.