उधाणातली तारीख

मी कोळ्याच्या घरात जन्मले, आणि तरी ही चूक माझ्याच हातून झाली. दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

बोईसरच्या एका दवाखान्यात मी तेव्हा एचआयव्हीच्या रुग्णांची समुपदेशक होते. महिन्याच्या गोळ्या द्यायच्या, चार शब्द समजावून सांगायचे, पुढची तारीख लिहून द्यायची. केळव्याकडचा एक खलाशी यायचा. गरीब स्वभावाचा, खाली मान घालून बसायचा. लागोपाठ दोन तारखा चुकवून तो एक दिवस उगवला, तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. "जीव नकोसा झालाय का? मग आमचा वेळ कशाला घेता?"

"उधान होतं, बाय," एवढंच तो म्हणाला.

"मला कारणं नकोत," मी म्हटलं. तो गेला तो परत आलाच नाही.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते, तेव्हाच प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात मासळी भरते. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, तेव्हा होड्या किनाऱ्याला. हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक. उधाणात सख्ख्या भाच्याचं लग्न असलं तरी माझे वडील जात नसत. आणि मी कॅलेंडरावर दिवस मोजून दोन्ही वेळा नेमकी उधाणातली तारीख त्या माणसाच्या हातात ठेवली होती. शिकलेली ना मी. हे माझ्या टाळक्यात शिरलं तेव्हा बराच उशीर झाला होता.

पुढे मी आणखी शिकले. आता वर्षातले बरेच महिने केनियात असते, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, तिथल्या तरुण डॉक्टर-नर्सना संशोधन शिकवते. गोळी गुणकारी आहे हे केव्हाच सिद्ध झालंय; ती रोज माणसाच्या पोटात का जात नाही, हे शोधायचं, असं ते शास्त्र. पहिल्या दिवशी मी फळ्यावर काही लिहीत नाही, हीच गोष्ट सांगते. तिथले कोळी काळोख्या रात्री दिवे लावून मासे धरतात आणि पौर्णिमेच्या सुमारास घरी असतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या एका गटानं माझं ऐकून दवाखान्याच्या तारखाच चंद्र बघून ठरवल्या. मला काय आनंद झाला सांगू.

मागच्या खेपेला एका नर्सनं विचारलं, "मॅडम, त्या माणसाचं पुढे काय झालं?"

त्याच्या जिवावर मी इतकी वर्षं शिकवत होते, आणि तो जिवंत आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं.

म्हणून या सुट्टीत घरी आल्यापासून मी रोज केळव्याच्या बंदरावर जात होते. विचारायची सोय नाही. मी कुठल्या दवाखान्यात होते ते गावाला ठाऊक आहे. त्याचं नाव घेतलं की त्याचं गुपित फुटलंच. नुसती उभी राहायचे, होडीतून उतरणारा एकेक चेहरा बघायचे. मला तो एकदा दिसायला हवा होता. चूक माझी होती, असं त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. घरचे म्हणायचे, हिला मासळीचं वेडच लागलंय.

परवा बोंबील वाळत घालणारी एक बाई हात पुसत जवळ आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच बोलली. "रोज बगते तुमाला. आमचे ते नाय आता. तुमच्या दवाखान्यात यायचे ना, ते."

मी म्हटलं, "चूक माझी होती. मीच उधाणात तारीख दिली, आणि वर त्यांनाच ओरडले."

ती म्हणाली, "ते तर बोलायचे, बाय आपल्यातलीच हाय, तिला उधान सांगायला लागत नाय. तरी ती ओरडली, म्हणजे आपलंच कायतरी चुकलं असंल."