साठ चौकोनांचा तक्ता

विमा कार्यालयात मी सत्तावीस वर्षं अर्ज तपासत आलो होतो. एक रकाना मोकळा दिसला की अर्ज परत. लोक मला चिकट म्हणत आणि मी ते कौतुक समजत असे. सुट्टीच्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लेबलं चिकटवू लागलो, तेव्हा बायकोनं मला एका छोट्या संस्थेत धाडलं. तुरुंगातून सुटलेल्या तरुणांची औषधं, दवाखाना आणि कागदपत्रं यांचा पाठपुरावा करायचा, असं तिथलं काम. तिथल्या ताईंनी माझ्याकडे एक तरुण सोपवला. मला सोपा द्यायचा म्हणून तो निवडला होता, हे नंतर कळलं.

वय वीस. दीड वर्ष आत काढून जामिनावर सुटलेला. त्याला फिट यायच्या. आत गोळ्या सुरू झाल्यापासून एकही आली नव्हती. सुटताना हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी मिळाली. लोणी काळभोरला मावशीकडे राहून तो एका रोपवाटिकेत कामाला लागला. तिथे पाण्याचा मोठा हौद होता, त्याला कठडा नव्हता. संस्थेच्या डॉक्टरांनी मला बजावलं, ‘‘गोळी चुकू द्यायची नाही. हौदाशी फिट आली, तर त्याला माझ्याकडे आणायची गरज उरणार नाही.’’

मी तक्ता केला. तीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, साठ चौकोन. पट्टीनं आखलेला, रविवार लाल शाईत. त्याच्या हातात देताना म्हणालो, ‘‘गोळी घेतली की खूण करायची. महिन्यानं मला एकही चौकोन मोकळा दिसता कामा नये.’’

‘‘नाही दिसणार, सर.’’

त्यानं शब्द पाळला.

दर शनिवारी मी फोन करून विचारायचो, तक्ता भरतोस ना? तो ‘हो सर’ म्हणायचा. गोळ्या आहेत का, हे एकदाही विचारलं नाही. गोळ्या पंधरा दिवसांच्या आणि तक्ता तीस दिवसांचा, ही विसंगती मला दिसली होती. तिची सोय मी तक्त्याखाली एका टिपेत लावली होती: ‘पुढील गोळ्या सरकारी दवाखान्यातून घेणे.’

महिन्यानं तक्ता आला. साठच्या साठ. मी तो बैठकीत सगळ्यांसमोर फिरवला. ताई म्हणाल्या, ‘‘सगळ्या खुणा एकाच शाईत आणि एकसारख्या तिरक्या?’’

‘‘हात बसलाय त्याचा,’’ मी म्हणालो. अशा एका हातानं, एका बैठकीत भरलेल्या अर्जांवर मी सत्तावीस वर्षं लाल शेरे मारले होते.

पुढच्या मंगळवारी मावशीचा फोन आला. ‘‘अहो साहेब, तुमचा तक्ता पास झाला, पोरगं आडवं झालंय.’’ हौदापासून चार हातांवर पडला होता. शेजारच्या माणसानं ओढून बाजूला घेतला. जीभ चावली गेली. डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय कामावर यायचं नाही, असं मालकानं सांगितलं होतं.

लोणीच्या बसमध्ये मी रागावण्याची तयारी करत गेलो. तो कॉटवर बसला होता, ओठ सुजलेला.

‘‘गोळ्या कधी संपल्या?’’

‘‘अठराव्या दिवशी.’’

पंधरा दिवसांच्या गोळ्या अठरा दिवस पुरल्या, म्हणजे आधीच सहा चुकल्या होत्या. हे गणित मला लगेच आलं.

‘‘मग खुणा कशा केल्यास?’’

‘‘पहिल्याच दिवशी सर. सगळ्या. मोकळा नको म्हणालात ना.’’

मावशी म्हणाली, ‘‘त्याला वाटलं, ह्यो बी कोर्टाचाच कागद हाय.’’

‘‘अरे, पण दवाखान्यात का नाही गेलास?’’

‘‘गेलो होतो. खिडकीवर विचारलं, आधी उपचार कुठं चालू होते? मागं रांगेत आपल्या गावातलेच दोघं होते.’’

तो तसाच परत आला होता. माझ्या तक्त्यात या प्रश्नाला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. पाटी नीट वाचली आणि पाऊण तास चुकीच्या रांगेत उभा राहिलो. त्यानं झाडू मारणाऱ्या एका बाईंना विचारून बरोबर रांग शोधली. खिडकीवर मी तुरुंगातली चिठ्ठी घडी करून आत सरकवली आणि म्हणालो, ‘‘आधीचं सगळं यात आहे.’’ महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. हौदापासून लांबचं काम द्यावं, असा मालकासाठी कागदही मिळाला.

बाहेर चहा घेताना विचारलं, ‘‘आत असताना कशी चुकत नव्हती रे?’’

‘‘नावानं हाक मारायचे. पुढं जायचं, गोळी टाकायची, तोंड उघडून दाखवायचं. इथं कोण हाक मारतंय? मावशी भाजी विकायला पहाटेच जाते.’’

‘‘मी मारतो,’’ मी म्हणालो.

तेव्हापासून रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला माझा फोन. मी नाव घ्यायचो, तिकडून पाणी प्यायल्याचा आवाज यायचा, मी माझ्याकडच्या तक्त्यावर खूण करायचो. बायको म्हणाली, ‘‘अहो, स्वतःची बीपीची गोळी मी हातावर ठेवल्याशिवाय घेत नाही तुम्ही, आणि लोणीपर्यंत हाका!’’

तो पुन्हा कामावर गेला, रोपांच्या पिशव्या भरायच्या कामावर. काही दिवसांनी सरचा काका झाला.

दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी मी दाढ काढायला गेलो आणि सात वाजून गेले. बाहेर आलो तर फोन वाजत होता.

‘‘काका, हाक आली नाही. घेतली मी. मघाशीच.’’

मी शाबास म्हणायला गेलो. अर्धं तोंड बधिर होतं, भलताच आवाज निघाला.

‘‘काका, जीभ जड झालीय तुमची! खाली बसा आधी. काकूंना द्या फोन.’’

त्याला दाढेचं पटवायला पाच मिनिटं लागली.

घरी येऊन तक्ता काढला. पुरावा काहीच नव्हता, पाण्याचा आवाजसुद्धा मी ऐकला नव्हता. खूण केली. उद्या सकाळचा चौकोन मोकळा ठेवला, उद्याच्या हाकेसाठी.