नवऱ्याचं दिवाळं, बायकोची सही

आमच्या वडशात दिवाळं निघणं ही काही बातमी नाही. होळी झाली की एखाद्या नाटक कंपनीचं निघतंच. कंपनी बुडते, मालक महिनाभर तोंड लपवतो आणि पावसाळा सरला की नवं नाव घेऊन पुन्हा बोर्ड लावतो. बातमी तेव्हा होते, जेव्हा एखादा मालक म्हणतो की मी हे काम कोर्टात जाऊन रीतसर करणार. असा मानकरी आमच्याच घरातून निघाला. आमचे हे.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात आणि तिथे नाटक लागतं. त्या नाटकांचा सगळा बाजार वडशात. हे कंपनीचे मालकही होते आणि नटही. भूमिका ठरलेली, दुःखी बापाची. पहिल्या अंकात बाप कर्जात बुडायचा, दुसऱ्यात घरदार जायचं आणि तिसऱ्यात हरवलेला मुलगा कलेक्टर होऊन परत यायचा. बायाबापड्या पदर डोळ्याला लावायच्या. इतकी वर्षं असं बुडून वर येण्याची सवय लागल्यामुळे यांना बुडण्याची भीतीच राहिली नव्हती. आमच्या घरात मात्र मुलगा नव्हता, आणि मुलगी कलेक्टर नव्हे तर नागपुरात नर्सिंगला होती.

टाळेबंदीत नाटकं बंद पडली तेव्हा सगळ्याच कंपन्या आडव्या झाल्या. बाकीचे मालक हळूहळू सावरले. यांनी ठरवलं, आपण उठायचं ते एकदम उठायचं. पतसंस्थेचं मोठं कर्ज काढून फिरतं स्टेज बनवून घेतलं. बटण दाबलं की झोपडी जाते आणि महाल येतो. वडशातल्या मैदानावर ते छान फिरलं. पहिल्याच गावात मधेच अडकलं, आणि बाप रडला तो अर्धा झोपडीत आणि अर्धा महालात. लोक हसले. गावच्या मंडळाने ठरलेल्यापैकी निम्मेच पैसे दिले, कारण निम्माच बाप दिसला. पुढच्या गावांनी तारखा रद्द केल्या.

मग मंडपवाला, साउंडवाला, लाइटवाला, पडदे रंगवणारा, नट, नट्या, तबलजी, सगळे आमच्या दारात. आणि सगळ्यांच्या वर पतसंस्था. पानठेल्यावरच्या कुणीतरी यांना कानमंत्र दिला, “नादार होऊन जा ना भाऊ. एकदा कोर्टानं नादार म्हटलं का कोणी हात नाई लावत.” त्या संध्याकाळी हे घरी आले ते नगरसेवकाचं तिकीट मिळाल्यासारखे. “मी नादार होऊन राह्यलो,” म्हणाले. पुढे कळलं की नादार माणसाला नगरसेवक होता येत नाही. तेवढं एक गावाचं भलं झालं.

मी नाही म्हटलं नाही. मला एकच काळजी होती, घराची. हे घर माझ्या बापाचं. वनखात्यात जंगल तुडवण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि रिटायर झाल्यावर त्याने वडशात दोन खोल्या आणि एक ओटा बांधला. जावई नाटकात आहे हे पाहून त्याने घर माझ्या एकटीच्या नावावर केलं, आणि तेही यांच्या देखत, यांच्याकडून चहा मागवून. बाप गेला. घर राहिलं. मी नर्स आहे, आता बदली होऊन वडशात आले, पण त्याआधी भामरागडच्या बाजूला नोकरीची कितीतरी वर्षं काढली, पावसाळ्यात रस्ते तुटले की गावातच अडकून पडायचे. तेव्हा वाटायचं, काही झालं तरी शेवटी पाय टेकायला वडशाचं घर आहे. मला वाटलं, दिवाळं यांचं आहे, घर माझं आहे, निघू दे.

गडचिरोलीला वकिलाकडे गेलो. हे मळका सदरा घालून निघाले. मी म्हटलं, “धुतलेला आहे ना एक, तो घाला.” तर म्हणाले, “तुले समजत नाई. सीन तसा पाहिजे.” दाढी तर त्यांनी आधीपासूनच वाढवलेली होती.

वकिलाने सीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कर्ज किती, कुणाकुणाचं, मालमत्ता काय, असं सरळ विचारायला लागला. हे म्हणाले, “साहेब, माझ्याकडे दुःखाशिवाय काही नाही.” वकील म्हणाला, “टेम्पो आहे ना?” टेम्पो होता. पडदे वाहायचा. हे हसले आणि खाजगीत सांगावं तसं म्हणाले, “त्याची काळजी नका करू. मागच्या महिन्यात साळ्याले बक्षीस देऊन टाकला.” म्हणजे माझ्या भावाला. तो बिचारा अहेरीत किराणा दुकान चालवतो, त्याला सायकलही नीट येत नाही.

वकिलाने चष्मा काढला. दिवाळं काढायच्या आधीच्या दोन वर्षांत जे जे असं फुकट वाटलं असेल ते कोर्ट परत ओढून आणतं, म्हणाला. साउंडवाला दोस्त आहे म्हणून त्याचे तेवढे आधी गुपचूप फेडून टाकू, असं हे म्हणाले, तर तेही चालत नाही. एकाला जेवण आणि बाकीच्यांना ताटं दाखवायची, हे कोर्टाला आवडत नाही. जे आहे ते सगळं लिहून द्यायचं. लपवलं आणि सापडलं तर तुरुंग. यांचा चेहरा उतरत चालला. त्यांना वाटलं होतं, हात वर करायचे, दोन वाक्यं बोलायची आणि पडदा.

“मग राह्यते का माणसाजवळ?” यांनी विचारलं.

“भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, धंद्याची अवजारं,” वकील म्हणाला. “बाईंचं मंगळसूत्र. सरकारी देणं मात्र माफ होत नाही. कुणाला फसवून घेतलेलं असेल तर ते नाही. आणि कोर्टाने बायकोला पोटगी ठरवली असेल तर तीही नाही.”

हे शेवटचं ऐकून मी जरा सरळ बसले.

मग त्याने सहज विचारलं, पतसंस्थेच्या कर्जाला जामीन कोण? हेही तितक्याच सहज म्हणाले, “हीच की.”

झालं होतं असं की, कर्ज काढलं त्या वर्षी मी अजून भामरागडला होते आणि पूर यायच्या बेतात होता. हे कागद घेऊन शेवटच्या गाडीने आले. लसीकरणाचं टेबल, समोर रांगेत रडणारी पोरं, तिथेच सही केली. नवऱ्याला नाही म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्या दिवशी शिकायला वेळ नव्हता.

वकील माझ्याकडे वळला. आम्ही आल्यापासून त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. “बाई, यांचं दिवाळं निघालं तर हे सुटतील,” तो म्हणाला. “तुम्ही नाही सुटत. जामीनदार तसाच राहतो. मग पतसंस्था सगळी तुमच्या मागे येईल. पगार आहे, घर आहे. उलट यांच्यापेक्षा तुमच्याकडूनच वसूल करणं सोपं.”

बापाचा ओटा डोळ्यांसमोर आला. मी यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची दुःखं हुंदके देऊन बोलणारा माणूस आता काय बोलतो, ते मला ऐकायचं होतं. मला वाटलं, आता म्हणतील, राहू द्या वकीलसाहेब, आपण दुसरं काहीतरी बघू.

हे म्हणाले, “मग माह्यं तेवढं करून घेऊ. एक जण तरी सुटन.”

इतकी नाटकं केली, इतके संवाद पाठ केले, आणि स्वतःचं म्हणून बोललेलं पहिलं वाक्य हे. मला तिथे रडू आलं नाही, संताप आला. वकील खाली मान घालून पेनचं टोपण काढ-घाल करायला लागला.

परतीच्या एसटीत हे मला कायदा समजावत होते. दोघं बुडण्यापेक्षा एक बुडणं बरं, हा हिशेब त्यांना फार पटला होता. आरमोरी गेल्यावर मी म्हटलं, “तुम्ही दिवाळं काढा, कोण नाई म्हणून राह्यलं? पण घर माह्या बापाचं आहे. तिथी राह्याचं असन तं भाडं द्याचं.”

हे मोठ्याने हसले. पुढच्या सीटवरचा माणूस वळून पाहायला लागला. “भाडं? नवऱ्याले?”

“नवऱ्याले नाई. नादाराले.”

त्यांना वाटलं, डायलॉग आहे, उतरेपर्यंत विसरेल. मी विसरले नाही. घरी आल्यावर त्यांची पेटी, दोन कोट आणि राजाचा मुकुट ओट्यावरच्या खोलीत नेऊन ठेवला. आतल्या खोलीला कडी लावली. चार दिवस हे दोस्तांकडे खोली शोधत फिरले. पण वडशात त्यांचे जेवढे दोस्त तेवढेच सावकार. प्रत्येकाने आधी आपले पैसे मागितले आणि मग चहा विचारला. पाचव्या दिवशी हे परत आले आणि भाडं किती म्हणून विचारलं.

अर्ज त्यांनी केलाच. टेम्पो अहेरीहून परत आला, फिरतं स्टेज भंगारवाल्याने नेलं आणि कोर्टाने यांना नादार ठरवलं. त्यानंतर यांना कळलं की नादार माणसाने पन्नास रुपयांची उधारी करताना समोरच्याला आपण नादार आहोत हे सांगावं लागतं, नाही तर गुन्हा होतो. कायदा इंग्रजांच्या काळातला. तेव्हा पन्नास रुपयांत बैलजोडी येत असेल, आता दोन दिवसांचा सुपारी-तंबाखूचा खर्राही येत नाही. पानठेल्यावर उभं राहून यांनी खर्ज लावून जाहीर केलं, “मी नादार आहे.” ठेलेवाला सुपारी कातरत म्हणाला, “इथी कोण नाई भाऊ?” आणि रोख मागितली.

मग हे दुसऱ्याच्या कंपनीत लागले. दुःखी बाप तिथे आधीच एक होता. यांना दारुड्या नोकराचं काम मिळालं. लोकांना ते फार आवडतं. त्यातून दर महिन्याला भाडं येत होतं आणि ते मी तसंच पतसंस्थेत भरत होते, वर माझ्या पगारातले घालून. पोरीची फी त्यातच. खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं की या माणसाला अक्कल आली. रविवारी आतल्या खोलीची कडीही काढायचे मी.

पतसंस्थेला माझे हप्ते पुरेनात. एका दुपारी मी ड्यूटीवरून आले तर ओट्याशी वसुली अधिकारी उभा, हातात घरजप्तीची नोटीस. दारात आमचे हे, धुतलेला सदरा, चापूनचोपून भांग. तो विचारत होता, घरमालक कुठे आहेत? मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, मुदत द्या साहेब, आम्ही दोघं मिळून भरतो.

“मले नका दाखवू,” हे म्हणाले. “मी इथी भाड्यानं राह्यतो. त्या पहा मालकीणबाई आल्या.” आणि त्याला वाट मोकळी करून देत आपल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

मी अधिकाऱ्याला पाणी दिलं. नोटीस घेतली, सही केली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पतसंस्थेत जायचं, पगारातून जास्त कापा पण घर सोडा म्हणून हात जोडायचे, हे मनात ठरवलं. मग यांचं दार वाजवलं आणि भाडेकरूला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून भाडं दुप्पट होईल.