द्वारकाकाकूंचं विमान

बेंबळीत आवई उठली, द्वारकाकाकू गोठ्यात विमान बनवायलीय. पारावर तर ते उडालंसुद्धा. लक्ष्मीबाईची नक्कल मला हुबेहूब येते; ती नाकातनं सांगायची, "पंख जोडले म्हणं गं बाई. आता ईस्टी न्हाय का रिक्षा न्हाय, थेट वरनंच तुळजापूर." धनाजी दुकानदाराला घसा खाकरल्याशिवाय बोलताच येत न्हाय. त्यानं खाकरून खात्री दिली की पत्रा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय.

पत्रा खरा होता. विमान तेवढं खोटं. काकू गाडा बनवत होती: सायकलची दोन चाकं, मधी खुर्चीसारखी पेटी, पुढं ओढायला दांडा. त्यात बसायचं होतं तिच्या मालकांना, बलभीमकाकांना.

काकांचं उजवं अंग अर्धांगानं गेलं होतं आणि जीभ जड झाली होती. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची झोपडीवजा कोप उभी करायची, पाच दगडांचे पांडव पूजायचे आणि शेताच्या मालकानं आंबील शिंपडत, ओलगे ओलगे म्हणत शेताला फेरी घालायची. काकांची आरोळी तीन शेतं ओलांडून जायची. मागच्या येळवशीला काकूनं त्यांना लोखंडी गाड्यात बसवून नेलं. हरभऱ्याला नुकतं पाणी दिलेलं; काळ्या रानात चाकं रुतली ती रुतलीच. चौघांनी काकांना उचलून घरी आणलं. उंबऱ्यात टेकल्यावर ते तुटक तुटक म्हणाले, "आता... मेल्यावरच... उचला." तेव्हापासून त्यांनी घराबाहेर पाय टाकला नव्हता.

काकूला ते वाक्य दळताना, झाडताना ऐकू यायचं. तिला असा गाडा पाहिजे होता, जो तिला एकटीला ओढता येईल.

शेजारचे गुंडाप्पा ईस्टीच्या वर्कशॉपातनं रिटायर झालेले. बसगाड्यांना पत्रे ठोकण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. त्यांनीच सांगितलं, वहिनी, आलमिन घ्या, जर्मनच्या भांड्यावाणी हलकं असतंय. धाराशिवच्या भंगारबाजारातनं जुन्या बसचे पत्रे आले. काकूनं पहिला पत्रा दगडी पाट्याच्या कडेवर धरून वाकवला, वरनं मोगरी मारून घडी करकरीत बसवली, लुगड्याची निरी बसवावी तशी. घडीवर केसाएवढी चीर पडली. दुसऱ्या पत्र्यालाही पडली. चांगला पत्रा दोन दिवसांत मातीमोल झाला, आणि काकू गोठ्यात दाराकडं पाठ करून बसून राहिली.

गुंडाप्पांनी चिरेवरून बोट फिरवलं. "वहिनी, ही निरी न्हाय. पत्र्याला वळायला जागा द्यावी लागती."

मग त्यांनी रीत दाखवली. जिथं वाकवायचं तिथं धुण्याचा साबण घासायचा, पत्रा जाळावर धरायचा, साबण काळपट पडला की पत्रा जाळावरनं काढायचा. निवू द्यायचा. तेवढ्यानं पत्रा नरम होतो. जाळ ओळखायला काकूला कुणी शिकवायची गरज नव्हती. जन्मभर भाकरी केलेली. वाकवायला तिनं घरातलं मुसळ घेतलं. त्याच्या गोलाईवर पत्रा हळूहळू दाबत आणला आणि तो आखडलेल्या माणसानं मांडी घालावी तसा, कुरकुरत पण न मोडता, वळला.

पत्र्याला पत्रा जोडायचं रिबीट मारायला दोघं लागतात. एकानं पुढून हातोडी मारायची, दुसऱ्यानं मागनं लोखंडाचा टेका घट्ट धरायचा, म्हणजे रिबिटाचं शेपूट चेपून टोपी होते. गुंडाप्पांचे हात आता थरथरायचे. काकूनं पत्रा उचलून काकांच्या बाजेपाशी नेला आणि त्यांच्या डाव्या हातात खलातला बत्ता दिला. काकांनी बत्ता मुठीत तोलून बघितला. मग तो पत्र्यामागं नेऊन टेकवला.

हातोडीचा ठोका त्यांना तळव्यात कळायचा. रिबीट बसलं नसलं की ते म्हणायचे, "अजून." बसलं की, "बस." पेटी पुरी होईपर्यंत नवरा-बायकोत एवढंच बोलणं झालं. गाड्यात बसाल का, हे काकूनं विचारलं न्हाय आणि काकांनी सांगितलं न्हाय.

येळवशीच्या आदल्या दिवशी गाडा अंगणात उभा होता. मी काकूला म्हणाले, काका काही बसायचे न्हाईत, पैज लावा. काकू चाकाला तेल घालत होती. "बसले तर उद्या त्यांची आरोळी तू द्यायची," ती म्हणाली. "लई नकला करतीस ना गावाच्या? त्यांच्या आवाजात दे. शेताची फेरी पुरी होईस्तोवर."

सकाळी काकांनी डाव्या हातानं स्वतःच दांडा धरला, काकूच्या खांद्यावर भार टाकला आणि पेटीत बसले. काकूनं एकटीनं गाडा ओढला. हरभऱ्यात चाकं थोडी दबली, पण फिरत राहिली. कोपीपाशी पांडव पुजून झाले. काकांनी आंबिलीचा तांब्या मांडीवर घेतला, पहिला शिंतोडा रानात टाकला आणि माझ्याकडं बघितलं.

पैज मी हरले होते. मी ओलगे ओलगे म्हणाले, त्यांच्याच आवाजात, पण हळू.

काका म्हणाले, "अजून."